एका इंचांत सहा फूट

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर कोणी जेवलें नाहीं. टेबलाचा ताबा माझ्या बारा वर्षांच्या नातवानें घेतला होता. त्याला कोणीं दोन खोकीं भेट दिलीं होतीं आणि त्यांत लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचे सुटे भाग होते. एका खोक्यावर स्पिटफायरचें चित्र, दुसऱ्यावर हरिकेनचें. खोकीं उघडलीं तेव्हां आंतून करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी निघाल्या. आणि वेलीला शेंगा लागाव्यात तसे त्या चौकटींना पंख, शेपटी, चाकें, फार काय, वैमानिकाची खुर्ची देखील लटकलेली. सर्वांत मोठा भाग माझ्या वितीहून लहान, सर्वांत लहान भाग तांदुळाच्या दाण्याएवढा. "हा कारखाना केव्हां उठणार?" असें त्याची आजी रोज सकाळीं विचारीत असे. मी मात्र पहिल्या दिवसापासूनच कारखान्याच्या पक्षाला मिळालों होतों.

दोन्ही खोक्यांवरील चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून तो म्हणाला, "आजोबा, हीं दोन्ही विमानें सारखींच तर दिसतात. मग दोन कशाला बांधायचीं?"

प्रश्न रास्त होता. दोन्ही विमानें इंग्रजांचीं, दोन्ही एकाच काळचीं. हरिकेन प्रथम उडालें तें नोव्हेंबर १९३५ मध्यें आणि स्पिटफायर मार्च १९३६ मध्यें. दोहोंना इंजिन एकच, तेंहि एकाच जातीचें. दोहोंचे पंख खालच्या अंगाला, दोहोंत एकच माणूस बसावयाचा, आणि दोहोंच्याहि पंखांत आरंभीं आठ आठ मशीनगनी. मीं त्याला त्या वेळीं जें थोडक्यांत सांगितलें, तेंच आज आपल्यापुढें जरा विस्तारानें मांडावें असा विचार आहे.

ता. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं इंग्लंडनें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. त्यानंतर तीनच दिवसांनीं, ६ तारखेच्या सकाळीं, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर शत्रूचीं विमानें येत असल्याचा इशारा झाला. इशारा खोटा होता. आकाशांत शत्रूचें एकहि विमान नव्हतें. परंतु नॉर्थ वील्डच्या तळावरून ५६ क्रमांकाच्या तुकडीचीं हरिकेन विमानें वर चढलीं, आणि त्यांतील दोन जरा मागें राहून येत होतीं. हॉर्नचर्चच्या तळावरून ७४ क्रमांकाच्या तुकडीचीं स्पिटफायर विमानेंहि चढलीं होतीं. मागें राहिलेलीं तीं दोन विमानें स्पिटफायरवाल्यांना शत्रूचीं वाटलीं आणि त्यांनीं तीं पाडलीं. एका हरिकेनचा वैमानिक विमान कसेंबसें जमिनीस टेकवून वांचला. दुसरा, पायलट ऑफिसर माँटेग्यू हल्टन-हॅरॉप, ठार झाला. त्या महायुद्धांत मेलेला ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक तो हाच. आणि स्पिटफायरनें पाडलेलें पहिलें विमान तें ब्रिटिशच. गोळ्या झाडणाऱ्या दोघां वैमानिकांवर लष्करी न्यायालयांत खटला झाला आणि दोघेहि निर्दोष सुटले. ह्या प्रसंगाला पुढें लोकांनीं 'बार्किंग क्रीकची लढाई' असें उपरोधिक नांव दिलें, जरी ती बार्किंग क्रीकवर झाली नाहीं आणि लढाईहि नव्हती.

तेव्हां "सारखींच तर दिसतात" हें वाक्य माझा नातू टेबलाशीं बसून बोलला म्हणून निभावलें. आकाशांत तशी समजूत होणें म्हणजे एका माणसाचें मरण.

आतां आपण ह्या छोट्या विमानांच्या जन्माकडे वळूं. लांकूड कोरून विमानाची प्रतिकृति करण्याचा छंद विमानाइतकाच जुना. परंतु प्रत्येक जण आपल्या मनाला येईल त्या मापानें करी, आणि मग एकाच्या कपाटांतील बॉम्बफेकें विमान दुसऱ्याच्या लढाऊ विमानाहून लहान भरे. १९३२ सालीं इंग्लंडमध्यें जेम्स हे स्टीव्हन्स ह्या गृहस्थानें 'स्कायबर्ड्स' नांवाचे संच तयार केले. त्यांत घडविलेले लांकडी भाग आणि कांहीं धातूचे तुकडे असत. त्यानें माप धरलें तें बहात्तरास एक, म्हणजे एका इंचांत सहा फूट. सहा फूट उंचीचा धिप्पाड माणूस ह्या मापानें बरोबर एक इंचाचा होतो, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. हिशेब किती सोयीचा आहे पाहा! चाळीस फूट पंखांचें हरिकेन सहा इंच आणि दोन तृतीयांश. आणि छत्तीस फूट दहा इंचांचें स्पिटफायर सहा इंचांहून सूतभर अधिक. सारीं विमानें एकाच मापाचीं झालीं कीं त्यांची तुलना करतां येते, आणि तुलना करतां आली म्हणजे खेळण्याचें ज्ञानांत रूपांतर होऊं लागतें. फूट आणि इंच ह्यांना केव्हांच निरोप दिलेल्या देशांतूनहि लहान विमानांचे संच आज ह्याच बहात्तराच्या मापानें निघतात.

स्कायबर्ड्सनंतर चारच वर्षांनीं प्लॅस्टिक आलें. इंग्लंडांतील एक कंपनी 'फ्रॉग' ह्या नांवानें रबराच्या पिळावर उडणारीं विमानें विकीत असे. 'जमिनीवरून थेट उडतें' अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून हा बेडूक तयार केलेला होता. १९३६ च्या अखेरीस त्याच कंपनीनें न उडणाऱ्या, केवळ पाहावयाच्या प्रतिकृतींचे संच काढले. त्यांना नांव दिलें 'पेंग्विन', कारण पेंग्विन हा न उडणारा पक्षी. बेडूक उडतो आणि पक्षी बसून राहतो, असा हा इंग्रजी विनोद आहे. सुट्या भागांतून जोडावयाचे प्लॅस्टिकचे विमानसंच जगांत बाजारांत आले ते हेच पहिले. मात्र तें प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट जातीचें होतें. हा पदार्थ कालांतरानें आक्रसतो, वांकतो. त्यामुळें त्या काळचें एखादें पेंग्विन आज कोणाच्या संग्रहीं असलेंच, तर त्याचे पंख उन्हांत वाळत घातलेल्या पापडासारखे वळलेले आढळतात.

मग युद्ध आलें आणि खेळण्याला नोकरी लागली. विमान ओळखणें हा एक स्वतंत्र विषय होऊन बसला. इंग्लंडांत किनाऱ्यावर आणि गच्च्यांवर बसून आकाश न्याहाळणारे हजारों लोक होते. १९४१ पासून केवळ त्यांच्यासाठीं 'एरोप्लेन स्पॉटर' नांवाचें नियतकालिक निघूं लागलें. परंतु कागदावरील चित्र एकाच बाजूचें असतें. विमान कांहीं चित्राप्रमाणें आडवें उभें राहून दर्शन देत नाहीं. तें तिरपें येतें, पोट दाखवितें, वळसा घेतें, अंगावर येतें. त्याची सर्व बाजूंनीं ओळख पटावयाची तर हातांत धरून फिरवितां येईल अशीच वस्तु हवी.

अमेरिकेचें आरमार ह्या कामीं शाळांतील मुलांकडे वळलें. जानेवारी १९४२ मध्यें, म्हणजे अमेरिका युद्धांत उतरून पुरते दोन महिनेहि झाले नव्हते तोंच, आरमार-मंत्री फ्रँक नॉक्स ह्यांच्या खात्यानें देशांतील माध्यमिक शाळांकडे पांच लक्ष प्रतिकृतींची मागणी केली. माप तेंच, बहात्तरास एक. आराखडे छापून शाळांना पाठविण्यांत आले आणि शाळेच्या सुतारकामाच्या वर्गांत मुलें मऊ लांकूड कोरूं लागलीं. काम अचूक व्हावयास हवें होतें. पंखाची जाडी चुकली कीं तुकडा नापास. स्वदेशाचीं, मित्रांचीं, आणि जर्मनी व जपान ह्यांचींहि विमानें त्यांत होतीं. विशेष कौशल्य दाखविणाऱ्या मुलांना मानाच्या हुद्द्यांचीं प्रशस्तिपत्रें मिळत. पंधरासोळा वर्षांचा एखादा मुलगा संध्याकाळीं घरीं येऊन आपण आज एक जपानी विमान पुरें केलें असें आईला सांगत असेल, तेव्हां त्या माउलीला काय वाटत असेल ह्याचा विचार मीं पुष्कळदां केला आहे. आणखी दोनतीन वर्षांनीं तोच मुलगा त्या विमानासमोर उभा राहावयाचा होता.

ह्या प्रतिकृतींचें रंगकाम फारच सोपें होतें. सर्व विमानांना सरसकट काळा रंग. त्यावर चिन्ह नाहीं, अक्षर नाहीं, कांच नाहीं. कारण आकाशांतील विमान दुरून पाहणाराला केवळ छायाकृति म्हणूनच दिसतें आणि रंगाची ओळख होईपर्यंत फार उशीर झालेला असतो. खोलीच्या एका टोंकाला प्रतिकृति टांगून शिकाऊ तोफची दुसऱ्या टोंकाला बसे. बहात्तरांचा गुणाकार येथेंहि चालतोच. पस्तीस फुटांवरची प्रतिकृति म्हणजे अडीच हजार फुटांवरचें विमान, सुमारें अर्धा मैल. पुढें ह्याच कामासाठीं शिकागो येथील क्रूव्हर नांवाच्या कारखान्यांतून प्लॅस्टिकच्या प्रतिकृति ओतून घेण्यांत आल्या आणि मुलांच्या पटाशीला विश्रांति मिळाली.

युद्ध संपलें आणि खेळणें पुन्हां खेळणें झालें. त्याची पुढची हकीकत मुख्यतः व्यापाराची आहे, ती मी थोडक्यांत आटोपतों. निकोलस कोव्ह नांवाच्या हंगेरियन गृहस्थानें १९३९ सालीं लंडनमध्यें 'एअरफिक्स' ही कंपनी काढली होती. ती आधीं हवा भरलेलीं रबरी खेळणीं आणि मागाहून प्लॅस्टिकच्या फण्या करीत असे. फण्यांसाठीं आणलेलीं यंत्रें वितळलेलें प्लॅस्टिक दाबानें पोलादी सांच्यांत भरीत. त्याच रीतीनें १९४९ सालीं एका ट्रॅक्टरची प्रतिकृति निघाली. १९५२ सालीं ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचा संच पिशवींत घालून दोन शिलिंगांना वुलवर्थच्या दुकानांतून विकला गेला, आणि १९५३ सालीं स्पिटफायर आलें. हें पहिलें स्पिटफायर अमेरिकेंतील 'ऑरोरा'च्या संचावरून बेतलेलें होतें आणि त्याचा घाट खऱ्या विमानाशीं नीटसा जुळत नव्हता. तरीहि तें मुलांनीं भराभर उचललें. ह्या खेळांतील पोलिस्टायरीन नांवाचें नवें प्लॅस्टिक जुन्यासारखें वांकत नसे, हें त्याचें मोठें भाग्य.

एक गोष्ट मात्र येथें सांगावीशी वाटते. १९६४ पासून रॉय क्रॉस हा चित्रकार ह्या खोक्यांचीं झांकणें रंगवूं लागला. त्याच्या चित्रांत विमान जळतें आहे, बाँब फुटतो आहे, धुराचा लोट उठतो आहे, असा सारा प्रकार असे. सत्तरनंतरच्या दशकांत मुलांच्या वस्तूंवर हिंसा नको अशी हवा वाहूं लागली आणि त्याच जुन्या चित्रांतील आगी व स्फोट पुसून नवीं झांकणें छापण्यांत आलीं. हेतु चांगला होता ह्यांत शंका नाहीं. परंतु माझें मत विचाराल तर तें थोडें निराळें आहे. मुलाच्या हातीं तोफा बसविलेलें विमान द्यावयाचें आणि त्या तोफांनीं काय होतें तें मात्र झांकून ठेवावयाचें, ह्यांतून त्याची समजूत घटते, वाढत नाहीं. आमच्या टेबलावर तरी हल्टन-हॅरॉपची गोष्ट स्पिटफायरच्या आधीं पुरी झाली.

असो. आतां आपण पुन्हां त्या टेबलाकडे येऊं.

जोडणीला आरंभ करावयाचा तो विमानाच्या पोटांतून. वैमानिकाची बैठक, तिच्यापुढील घड्याळांची पट्टी, हें सारें आधीं रंगवून मगच धडाचे दोन अर्ध मिटावयाचे, कारण मागाहून तेथें बोटहि जात नाहीं. चिकटविण्याचा द्राव हा आपल्या डिंकासारखा नव्हे. तो प्लॅस्टिकला किंचित् वितळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून तो जितका कमी तितका बरा. आमच्याकडे पहिल्या दिवशीं तो सढळ हातानें वापरला गेला; वैमानिकावरची पारदर्शक टोपीहि त्याच द्रावानें बसविली, आणि त्याच्या वाफेनें दुसऱ्या सकाळीं टोपी मोतीबिंदु झाल्यासारखी पांढुरकी दिसूं लागली. मुलाचा चेहरा पाहवेना. सुदैवानें अगदीं बारीक कांचकागदानें आणि दांत घासण्याच्या पेस्टनें चार संध्याकाळ घासल्यावर तिला बरीचशी दृष्टि आली. दुसरी टोपी आम्हीं सुताराच्या पांढऱ्या गोंदानें बसविली.

आणि ह्या जोडणींतच त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याला मिळूं लागलें. स्पिटफायरचा पंख हा लंबवर्तुळाकार, पिंपळाच्या कोंवळ्या पानासारखा दोन्हीं कडांनीं वळत जाणारा. हरिकेनचा पंख जाड, सरळ कडांचा, टोंकाशीं गोल केलेला. स्पिटफायरचीं चाकें बाहेरच्या बाजूला दुमडतात, हरिकेनचीं आंतल्या. हरिकेनच्या पाठीवर आणि कुशींवर उभ्या शिरा दिसतात, कारण त्याच्या धडाचा मागला भाग पत्र्याचा नसून सांगाड्यावर ताणून बसविलेल्या कापडाचा होता. सिडनी कॅम ह्यानें हरिकेन आंखलें तें जुन्या कापडी विमानांच्या परंपरेला धरून. तें बांधावयास सोपें, दुरुस्तीलाहि सोपें. रेजिनाल्ड मिचेल ह्यानें स्पिटफायर आंखलें तें सर्वस्वीं पत्र्याचें, आणि तें रणांत उतरलेलें पाहावयास तो वांचला नाहीं. १९३७ सालींच तो वारला. कीर्ति स्पिटफायरच्या वांट्याला अधिक आली, परंतु १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईंत संख्येनें आणि कामगिरीनेंहि हरिकेनच पुढें होतें. दोन अर्धांच्या सांध्यावर कानस चालवितांना त्या कापडाच्या शिरा घासून जाऊं नयेत म्हणून माझा नातू श्वास रोखून बसे. ज्यानें त्या शिरा अशा जपल्या, त्याला हीं दोन विमानें पुन्हां सारखीं दिसणें शक्य नाहीं.

रंग देणें हें सर्वांत नाजूक काम. एक हिशेब मीं त्याला करावयास लाविला. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानावर तो किती जाड होईल? उत्तर आलें सात मिलिमीटरांहून अधिक. म्हणजे भिंतीवर गिलावाच केला म्हणावयाचा! म्हणून रंग पातळ करावयाचा, एक हात वाळूं द्यावयाचा आणि मग दुसरा. शिवाय खऱ्या विमानाचा रंग जसाचा तसा छोट्यावर दिला तर तो काळवंडलेला दिसतो. दुरून पाहतांना मधली हवा रंग फिका करते, तो फिकेपणा आपणच कुंचल्यानें मिसळावा लागतो.

स्पिटफायर त्यानें १९४४ च्या जूनमधलें करावयाचें ठरविलें. नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळीं दोस्तांच्या विमानांवर पांढरे-काळे असे पांच पट्टे ओढण्यांत आले होते, आणि कारण पुन्हां तेंच, आपल्याच लोकांनीं आपल्याला पाडूं नये. बेत फुटूं नये म्हणून हे पट्टे अगदीं आयत्या वेळीं, पुष्कळ ठिकाणीं साध्या कुंचल्यांनीं घाईघाईनें ओढले गेले, आणि ते वांकडेतिकडे झाले. लहान विमानांवर पट्ट्याची रुंदी अठरा इंच, म्हणजे आमच्या मापानें पाव इंच. माझ्या नातवानें कागदाच्या पट्ट्या चिकटवून ते रेघेसारखे सरळ ओढले, तेव्हां मीं त्याला म्हटलें कीं, बाबा, हे फार सुबक झाले. खरे इतके सरळ नव्हते. त्यावर तो म्हणाला, "आजोबा, त्यांना घाई होती. मला सुटी आहे."

राहिली तीं चिन्हें. हीं एका कागदावर छापलेलीं असतात. कापून पाण्यांत धरलीं कीं पातळ पापुद्रा सुटून येतो आणि तो विमानावर सरकवून बसवावयाचा असतो. खालचा रंग आधीं तुकतुकीत करून घ्यावा लागतो, नाहींतर कडांखालीं हवा राहून चंदेरी डाग दिसतात. हरिकेनच्या कागदावर दोन विमानांच्या खुणा होत्या, एक इंग्लंडमधील आणि एक ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचें. त्यानें ब्रह्मदेशाचें निवडलें, कारण मीं त्याला हिंदी हवाई दलाच्या ६ क्रमांकाच्या तुकडीविषयीं सांगितलें होतें. स्क्वॉड्रन लीडर मेहरसिंग ह्यांच्या हाताखालीं त्या तुकडीनें १९४३–४४ मध्यें आराकानच्या जंगलावर हरिकेन विमानांतूनच टेहळणी केली, आणि त्याबद्दल १९४४ सालीं त्यांना डी. एस. ओ. हें पदक मिळालें.

पण कागद पाण्यांत घालण्यापूर्वीं तो थबकला. "आजोबा, हे मधला तांबडा ठिपका छापायला विसरले. नुसतीं निळीं वर्तुळें आहेत."

विसरले नव्हते. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाच्या मध्यभागीं तांबडा ठिपका असतो हें खरें. परंतु जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे, आणि लांबून क्षणभर दिसलेला तांबडा रंग म्हणजे जपानी, अशी पूर्वेकडील आघाडीवर समजूत होणें अगदीं साहजिक होतें. म्हणून १९४३ सालीं ह्या भागांतील विमानांवरून तांबडा रंग काढून टाकला गेला. अमेरिकनांनीं तर आपल्या ताऱ्यामधला तांबडा ठिपका १९४२ मध्येंच पुसला होता. हें ऐकून तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें निळें वर्तुळ चिमट्यानें उचललें, पंखावर सरकविलें, आणि त्याखालीं राहिलेला हवेचा बुडबुडा सुईच्या टोंकानें हळूच फोडला.

विमानें पुरीं झालीं त्या संध्याकाळीं त्यानें आमच्या मजल्याची गॅलरी टेपनें मोजली. ती पस्तीस फूट भरली. मग आजीला एका टोंकाला उभें करून तो दुसऱ्या टोंकाला गेला आणि दिव्याकडे पाठ करून एकामागून एक विमान डोक्यावर धरूं लागला. कधीं समोरून, कधीं पोटाकडून, कधीं तिरपें. तीन आठवडे ज्यांच्यामुळें टेबल गेलें त्या विमानांकडे आजीनें चष्मा सारखा करून पाहिलें.

"तें पानाच्या पंखांचें तें स्पिटफायर," ती म्हणाली, "आणि हें दुसरें. आतां टेबल पुसून घे."